बेसबॉलची जुनी गाणी: मुलींच्या सॉफ्टबॉल संघासाठी कोणतं घ्यावं?

नेरूळची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातवीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर आहे, म्हणजे टोलवणारीच्या मागे मास्क घालून चेंडू झेलणारी. संघात बारा मुली. डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे आणि सरांनी संघाला सहा मिनिटं दिली आहेत. मुलींचं एकमत आहे की सिनेमाच्या गाण्यावर नाच करायचा नाही, आपल्या खेळाचं गाणं म्हणायचं. सॉफ्टबॉलवर मराठी गाणं शोधलं, मिळालं नाही. म्हणून थोरल्या भावाकडे, बेसबॉलकडे वळलो. तिथे जिकडेतिकडे एकच गाणं पुढे येतं, 'टेक मी आउट टू द बॉल गेम'.

पालकांच्या बैठकीत मी हे सुचवलं तर एक गृहस्थ म्हणाले, "ते पुरुषांच्या खेळाचं गाणं आहे. शेंगदाणे खात प्रेक्षकांनी म्हणायचं. मुलींच्या संघाचा त्याच्याशी काय संबंध?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून ते मनात सलतंय. लेक शेजारीच बसली होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

हे गाणं मुळात कुणाचं? त्याच्या आधी बेसबॉलवर काही संगीत होतं का? आणि मुलींना वाजवता येईल असं काय आहे? आमच्याकडे एक कीबोर्ड, एक ढोलकी आणि पेटी शिकणाऱ्या दोघी मुली आहेत. शिकवायला कुणी नाही. मीच जमेल तसं करणार आहे.

ऐरोलीकर

ताई, गाणं तेच घ्या, दुसरं कुणाला ओळखू येणार नाही. अमेरिकेत प्रत्येक मॅचला सातव्या इनिंगच्या मध्यावर लोक उठून उभे राहतात आणि हे म्हणतात. ही सवय फार जुनी वाटते, पण तिला आजचं रूप आलं ते हॅरी कॅरे या समालोचकामुळे. १९७६ मध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाकडे असताना त्याचं गुणगुणणं माइकवरून सगळ्या मैदानाला ऐकवलं गेलं. पुढे तो शिकागोच्याच कब्ज संघाकडे गेला आणि टीव्हीमुळे ते देशभर पोचलं.

सॉफ्टबॉलही शिकागोचाच. १८८७ मध्ये एका क्लबच्या बंद हॉलमध्ये बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने टोलवला, तिथून सुरुवात. निवेदनात हे घालता येईल.

चरईचे_पेटीवाले

ताई, आधी त्या गृहस्थांचं बोलू. त्यांना या गाण्याची कडवी ऐकवा. जगभर म्हणतात ते नुसतं ध्रुवपद आहे. आपल्याकडे गणपतीत 'जय देव जय देव'ला अख्खी सोसायटी आवाज लावते आणि कडव्याला दोघं-तिघं उरतात ना, तसंच या गाण्याचं झालं. कडवी विसरली गेली आणि त्यांच्याबरोबर ज्या मुलीचं हे गाणं आहे तीही विसरली गेली.

तिचं नाव केटी केसी. १९०८ साली गीतकार जॅक नॉरवर्थने लिहिलेल्या पहिल्या कडव्यात ती भेटते. तिला बेसबॉलचं वेड लागलंय, गावच्या संघासाठी ओरडायला जाण्यात ती जवळची पै न् पै घालवते. शनिवारी तिचा मित्र येऊन विचारतो, नाटकाला येतेस का? ती म्हणते, नाही येत, पण तू काय करू शकतोस ते सांगते. आणि मग ध्रुवपद: मला मॅचला ने, त्या गर्दीत ने. म्हणजे मैदानभर माणसं उभी राहून जे म्हणतात ते एका मुलीचं मागणं आहे. दुसऱ्या कडव्यात तर ती सगळ्या खेळाडूंना नावाने ओळखते, अंपायरला तुझं चुकलं म्हणून खडसावते, आणि स्कोअर दोन-दोनवर अडला तेव्हा पोरांना धीर यावा म्हणून आजूबाजूच्या सगळ्यांना हेच गाणं म्हणायला लावते. १९२७ मध्ये नॉरवर्थने कडवी बदलली, केटी केसीची 'नेली केली' झाली, पण गाणं मुलीकडेच राहिलं. तुमच्या लेकीला हे आजच्या आज वाचून दाखवा.

आता मागचं सांगतो. मी चरईत चाळीस वर्षं पेटी शिकवतो आणि दुरुस्तीही करतो. फार वर्षांपूर्वी एक पायपेटी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. भाता काढला तर खालच्या कप्प्यात विलायती नोटेशनची पिवळी पडलेली पानं होती, पोल्का आणि वॉल्ट्झ या नाचांच्या धुनांची. मालकाला नको होती, मी ठेवून घेतली. ती वाचता यावीत म्हणून विलायती नोटेशन शिकलो. अलीकडे नातीने संगणकावर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुना संगीतसंग्रह उघडून दिला आणि मी सवयीने 'पोल्का' शोधायला सांगितलं. समोर नाव आलं 'द बेस बॉल पोल्का'. साल १८५८. त्या रात्री जेवायला उशीर झाला.

बेसबॉलवर छापलं गेलेलं हे सगळ्यात जुनं संगीत मानतात. रचणारा जे. आर. ब्लॉजेट, बफेलो शहरातल्या नायगरा क्लबचा सदस्य. आणि त्याने ते अर्पण कुणाला केलं, तर रॉचेस्टर शहरातल्या फ्लॉवर सिटी क्लबला. हा 'फ्लॉवर' पिठाचा, फुलाचा नव्हे. तिथे पिठाच्या गिरण्या खूप होत्या. एका गावच्या क्लबातल्या माणसाने दुसऱ्या गावच्या क्लबला नाचाची धून भेट द्यावी, हे मला फार आवडतं. शब्द नाहीतच त्याला. तेव्हा बेसबॉल पैशासाठी खेळत नसत. नोकरी-धंदा करणाऱ्या तरुणांचे क्लब असायचे, सामना झाला की यजमान क्लब पाहुण्यांना जेवण द्यायचा, हिवाळ्यात नाचाचे समारंभ व्हायचे. नाच म्हटला की पोल्का लागणार. बोहेमियातून निघालेला हा नाच १८४०च्या दशकात युरोप-अमेरिकेत सगळीकडे पसरला होता. म्हणून या खेळाचं पहिलं संगीत जन्मलं ते नाचायच्या हॉलसाठी. ओरडून म्हणायची गाणी मागून आली.

ध्वनिमुद्रण यायला अजून वीस वर्षं होती. गाणं घरी न्यायचं म्हणजे छापील पानं विकत आणायची आणि दिवाणखान्यातल्या पियानोवर वाजवायची. आणि घरात पियानो वाजवायच्या त्या बहुतेक लेकी-सुना. ज्या घरातली बाई मैदानावर पाऊल टाकत नव्हती तिच्या बोटांतून बेसबॉल घरात येत होता. तुमच्या त्या पालकांना हेही सांगा.

मग रांगच लागली. १८६०ला रॉचेस्टरच्या लाइव्ह ओक क्लबसाठी 'लाइव्ह ओक पोल्का'. १८६१ला फिलाडेल्फियात जॉन झेब्लीचं 'होम रन क्विक स्टेप', तिथल्या मर्कंटाइल क्लबला अर्पण केलेलं. त्याच वर्षी अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. १८६९ला सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज संघ उघडपणे पगारी खेळाडू घेऊन उतरला आणि वर्षभर हरलाच नाही. त्या लाल मोज्यांवर जे संगीत निघालं त्यातली 'रेड स्टॉकिंग्ज पोल्का' रचली हेटी शर्ली ऑस्टिन या बाईंनी. कार्यक्रमात एकच जुनी धून घ्यायची असेल तर माझं मत हिला.

पुढची गाणी शब्दांची. १८८९चं 'स्लाइड, केली, स्लाइड' रंगमंचावर गाजलं. माइक केली हा घसरत जाऊन बेस गाठण्यात पटाईत. आपल्या खो-खोत पळणाऱ्याला पकडायला सूर मारतात तसं अंग झोकून द्यायचा. शिकागोने त्याला १८८७ मध्ये दहा हजार डॉलरला बॉस्टनला विकलं होतं, तेव्हा ही रक्कम ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले. गाणं मला बेताचंच वाटतं, शब्दांवर चालतं, चालीत जीव नाही.

त्यापेक्षा 'टेसी'ची गोष्ट ऐकण्यासारखी. ते बेसबॉलचं गाणंच नव्हे, १९०२च्या एका संगीत नाटकातलं. १९०३च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेत, बॉस्टनच्या पाठीराख्यांनी ते उचललं आणि शब्द फिरवून पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरला डिवचायला लागले, तू इतकं वाईट का खेळतोस म्हणून. वॅग्नर म्हणजे त्या काळचा पहिल्या रांगेतला फलंदाज. बॉस्टन तीन-एक असं मागे होतं. गाणं चालू राहिलं आणि सिरीज बॉस्टनने पाच-तीन अशी जिंकली. पिट्सबर्गच्या टॉमी लीचने म्हातारपणीही सांगितलं की त्या गाण्याने डोकं उठवलं होतं.

आणि १९०८. नॉरवर्थ न्यूयॉर्कच्या गाडीतून जात होता, पोलो ग्राउंड्स या मैदानावर आज बेसबॉल अशी पाटी दिसली आणि त्याने शब्द लिहिले अशी हकिगत आहे. चाल अल्बर्ट व्हॉन टिल्झरची. दोघांनीही तोवर एकही मॅच पाहिलेली नव्हती. नॉरवर्थ पहिल्यांदा मैदानात गेला तो १९४० मध्ये! गाणं पसरलं ते छोट्या सिनेमागृहांमधून. पडद्यावर रंगवलेल्या काचेच्या चित्रांच्या स्लाइड दाखवायच्या, गायकाने कडवं म्हणायचं, ध्रुवपदाला अक्षरं पडद्यावर आणून सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचं. मैदानाआधी ते थिएटरात पाठ झालं. एडवर्ड मीकरने त्याच वर्षी एडिसन कंपनीच्या मेणाच्या नळकांड्यावर गायलेलं आजही ऐकता येतं, आणि त्यात दोन्ही कडवी आहेत. तेच ऐका, नंतरची चकचकीत नकोत.

आता पेटी. पांढरी एकला सा धरा. तीन मात्रांचा वॉल्ट्झ आहे, दादऱ्याचं अर्धं आवर्तन समजा. ध्रुवपदाची पहिली ओळ अशी:

सा – सां | ध प ग | प – – | रे – –

दुसरी:

सा – सां | ध प ग | प – – | – – –

पाहिलंत? सा रे ग प ध. म नाही, नी नाही. भूपाचे स्वर. पेटी शिकणाऱ्या मुली भूप पहिल्या वर्षीच शिकतात, त्यांची बोटं इथे आपोआप जातील. सुरुवातीला सा वरून थेट वरच्या सां वर उडी आहे, त्या उडीतच हट्ट आहे. "मला ने" असं म्हणणारी मुलगी तिथे उभी राहते. बारा मुलींनी ती उडी एकदम घेतली तर मागच्या रांगेपर्यंत पोचेल.

तिसऱ्या ओळीत शेंगदाणे येतात आणि चाल भूप सोडते:

ध ध(कोमल) ध | ग म प | ध – म | रे – –

शुद्ध धैवताला खेटून कोमल धैवत, म्हणजे काळी चार. त्यावर थांबू नका, शुद्धावरून क्षणभर खाली जाऊन परत यायचं. लाडाने मान वळवल्यासारखं ते वाटलं पाहिजे. इथे मुली चुकतील. चार दिवस फक्त हीच ओळ घ्या.

नेरूळची_आई

काका, काय लिहू. काल रात्री लेकीला केटीची गोष्ट वाचून दाखवली. अंपायरला खडसावते इथे आली तेव्हा म्हणाली, "आई, परत वाच." आज सकाळी बसमध्ये सगळ्या संघाला सांगून झालं आहे.

पेटीवरच्या दोघींनी पहिली ओळ दहा मिनिटांत काढली. तुम्ही म्हणालात तशीच तिसरी अडली. कोमल धवर बोट टेकलं की उठतच नाही, दादऱ्याच्या तीन मात्रांच्या चार होतात. आणि ढोलकी फार पुढे येतेय, गाणं लावणीकडे झुकतंय. दुसरं म्हणजे, कडवं इंग्रजीत म्हणावं की मराठीत? आणि हे असं स्टेजवर म्हणायला परवानगी वगैरे लागते का?

ऐरोलीकर

परवानगीचं मी सांगतो, तेच काम करतो. आपल्या कायद्यात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. व्हॉन टिल्झर १९५६ला गेला, नॉरवर्थ १९५९ला. दोन्ही मुदती संपल्या. अमेरिकेतही १९०८चं गाणं केव्हाच मोकळं झालं आहे आणि मीकरचं ध्वनिमुद्रण २०२२पासून. बिनधास्त म्हणा, भाषांतरही करा.

पेटीवाले काकांना नमस्कार. मीही आजवर फक्त ध्रुवपदच ऐकलं होतं.

कळवा_क्लॅरिनेट

मी लग्नाच्या बँडमध्ये एकवीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतो. एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो. जॉन फिलिप सूसा, अमेरिकेचा मार्चचा, म्हणजे कवायतीच्या चालीवरच्या बँडच्या धुनांचा बादशहा. आमच्या उस्तादांनी आम्हाला बसवलेला पहिला मार्च त्याचाच. त्याने १९२५ मध्ये बेसबॉलवर 'द नॅशनल गेम' नावाचा मार्च लिहिला. बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी सांगितल्यावरून, नॅशनल लीग या तिथल्या संघांच्या संघटनेच्या पन्नाशीसाठी. त्यात त्याने वाद्य म्हणून बेसबॉलच्या बॅटी वापरल्यात. ठोके लिहून दिलेले आहेत. सूसाला खेळाचा नाद होता, त्याच्या बँडची स्वतःची बेसबॉल टीम होती.

ताई, तुमची ढोलकीची अडचण यातच सुटते. ढोलकी बाजूला ठेवा. दोघी मुलींना बॅट घेऊन उभ्या करा, बॅटवर बॅट. पहिल्या मात्रेला ठोका, दुसरी-तिसरी मोकळी. पण शाळेत ॲल्युमिनियमच्या बॅटी असतील तर त्या नकोत, त्या टण्णकन वाजतात आणि आवाज रेंगाळतो, पुढची मात्रा खातो. लाकडी मिळवा. लाकडाचा ठोका कोरडा येतो आणि तिथेच संपतो. जाड भागावर जाड भाग मारायचा नाही, मुठीच्या वरचा निमुळता भाग दुसऱ्या बॅटच्या पोटावर. घरी लाटण्यावर करून बघा, फरक लगेच कळेल.

चरईचे_पेटीवाले

क्लॅरिनेटवाल्यांनी माझं काम हलकं केलं. ढोलकी काढाच. दादरा म्हटला म्हणून माझीच थोडी चूक झाली, मात्रा दादऱ्याच्या आहेत, पण झोका वेगळा. पहिल्या मात्रेवर वजन, दोन-तीन नुसता श्वास.

कोमल धचा उपाय: मुली मधल्या बोटाने काळी चार दाबत असतील. अनामिका शुद्ध धवर ठेवूनच द्या, मधलं बोट फक्त टिचकीसारखं. आणि पेटी बंद करून आधी तोंडाने म्हणू द्या. गळ्यात बसलं की बोट ऐकतं. या ओळीवर भाता हलका ठेवा, जोराने भरला तर दोन्ही धैवत एकमेकांवर चढतात.

कडवं मराठीत करा, ध्रुवपद इंग्रजीत ठेवा. कडव्यात गोष्ट आहे, ती आजी-आजोबांना कळली पाहिजे. केटीचं नाव बदलू नका, ती तिथलीच राहू दे. मी दोन ओळी करून पाहिल्या, तुमच्या मुली याहून चांगल्या करतील:

*केटीला लागलं मॅचचं वेड, घरात ठरेना पाय,*
*नाटक नको रे, मैदानी ने, दुसरं मागत नाय!*

आणि सहा मिनिटांत पहिलं मिनिट नुसत्या पेटीवर 'रेड स्टॉकिंग्ज पोल्का'ला द्या. शब्द नाहीत, म्हणून कुणी टाळ्या वाजवणार नाही कदाचित. तरी द्या. त्या वेळात मुली एकेक करून आपल्या जागी येतील, कॅचर सगळ्यात शेवटी, मास्क हातात. दीडशे वर्षांपूर्वी एका बाईने हे लिहिलं एवढं एकच वाक्य निवेदिकेने बोलायचं. पानं मी स्वरलिपीत उतरवून देतो, दोन दिवस लागतील. मूळ पियानोच्या दोन हातांचं आहे, दोघी मुलींच्या दोन पेट्यांवर वाटून देईन.

नेरूळची_आई

तिसरी ओळ आली! काल संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बाराही जणी होत्या. आधी तोंडाने वीस वेळा म्हटली, मग पेटी उघडली. बोट उठलं. लाकडी बॅटी शाळेच्या स्टोअरमध्ये मागे पडलेल्या दोन मिळाल्या, एकीची मूठ सुटलेली होती, तिला सायकलच्या हँडलची टेप गुंडाळली. लाटण्यावर सराव आधीच झाला होता, पोळ्या त्या दिवशी उशिरा झाल्या.

मुलींनी तुमची दुसरी ओळ बदलली आहे, काका. 'मागत नाय' ऐवजी त्यांना 'ऐकणार नाय' हवं आहे. मी तसंच ठेवलं.

बैठकीतल्या त्या गृहस्थांना मी फोन केला, केटीची दोन्ही कडवी सांगितली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले की त्यांची मुलगी आमच्याच संघात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी खेळते, तिला अंपायरवाली ओळ एकटीला म्हणायला मिळेल का. मी मुलींना विचारून सांगते म्हटलं.

शनिवारी चार वाजता पोल्का बसवायचा आहे. ट्रान्स हार्बरची लोकल ठाण्याहून थेट नेरूळला येते, स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येईन. काका, याल का?

चरईचे_पेटीवाले

येतो. स्वरलिपी तयार आहे. माझी एक पेटी बरोबर आणतो, तुमच्याकडची दुसरी तिच्याशी आधी मिळवून घेऊ. आणि शॉर्टस्टॉपच्या मुलीला ती ओळ द्या.